हॉस्पिटलात असताना हार्ट अटॅक येतोच कसा?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांना न्यूमोनिया झाला म्हणून हॉस्पिटलात ठेवलं होतं. ताप उतरायला लागला होता, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना अटॅक आला. काका गेले. वाडीत अजून सगळे म्हणतात, चुकीचं इंजेक्शन दिलं. आता आमच्या सासऱ्यांना, नानांना, रत्नागिरीला ॲडमिट केलंय. वय ७४. पडवीच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. १५ वर्षं साखर आहे, गोळ्यांबरोबर रात्री इन्सुलिन घेतात. ब्लडप्रेशरची गोळी आहे. ४ वर्षांपूर्वी कोल्हापूरला स्टेंट घातला. तंबाखूची चंची उशाशी लागते. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर करू, पण आधी ईसीजी, इको आणि रक्त बघू. मोडलाय पाय आणि तपासतात हृदय, हे आम्हाला उमगत नाही. भावकीतले म्हणतात, या वयात कापाकापी नको, हाडवैद्याकडे न्या. मिस्टर मुंबईला असतात, त्यांना यायला वेळ आहे. रात्री मीच जवळ असते. मी नेमकं काय बघू? – एक सून, राजापूर तालुका

उत्तर :

ताई, तुम्हाला आज रात्री लागेल ते आधी सांगते. कारणं मागाहून बघू.

नानांच्या हृदयाला काही झालं तर ते छातीवर हात ठेवून सांगतीलच, असं धरून चालू नका. १५ वर्षांच्या साखरेने नसा बोथट झालेल्या असतात. त्यात वय आहे, आणि ऑपरेशननंतर दुखणं दबवणारी औषधं चालू असतात. या तिन्हींखाली छातीतली कळ झाकली जाते. ऑपरेशननंतर हृदयाला इजा झालेल्या बहुतेक रुग्णांच्या छातीत दुखतच नाही, हे मोठमोठ्या अभ्यासांत दिसून आलं आहे. मग दिसतं काय? एकाएकी धाप लागते. आडवं पडवत नाही, उठून बसवा म्हणतात. कपाळ आणि मान गार घामाने भिजते. मळमळतं, उलटी होते. जबडा, खांदा किंवा हात भरून येतो. कधीकधी यातलं काहीच नसतं, फक्त इतका वेळ नीट बोलणारा माणूस भलतंच बडबडायला लागतो, किंवा नुसता तळमळत राहतो. आपल्याकडे यातल्या बऱ्याच गोष्टींना ‘गॅस झाला’, ‘पित्त चढलं’ म्हणतात आणि ओवा चावायला देतात. हॉस्पिटलाच्या खाटेवर तरी तसं करू नका.

असं काही नव्याने दिसलं की सिस्टरना त्याच क्षणी बोलवा. सकाळी डॉक्टर राउंडला आले की सांगू, हा विचार मनातून काढून टाका. साखर फार उतरली तरी घाम आणि बडबड होते, म्हणून सिस्टर बोटातून रक्त घेऊन साखर बघतील. ती बघू द्या, पण ‘ईसीजी काढता का?’ असं स्वच्छ शब्दांत विचारा. हृदयाची शंका आली की १० मिनिटांच्या आत ईसीजी निघावा, असा दंडक आहे. पहिला ईसीजी बरा आला तरी त्रास थांबत नसेल तर तो पुन्हा काढतात, आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन; स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात चढायला वेळ लागतो. तेवढ्यात नानांना उठवू नका आणि तुमच्या पिशवीतली कुठलीही गोळी देऊ नका. घरी असं झालं असतं तर १०८ ला फोन करा आणि ॲस्पिरिन चावायला द्या असं मीच म्हटलं असतं. पण ताज्या ऑपरेशनची जखम असताना ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आपल्या माणसांना डॉक्टरांना रात्री उठवायचा फार संकोच वाटतो. सिस्टर चिडतील, पुढे नीट बघणार नाहीत, अशी भीती असते. चिडल्या तर चिडू देत. वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला खूप खाटा असतात. नानांचा चेहरा रोज कसा असतो आणि आज कसा दिसतोय, हे त्यांना कळणार नाही; तुम्हाला कळेल. ऑपरेशननंतरचे पहिले २-३ दिवस सगळ्यात जपायचे. मिस्टर येईपर्यंत एखादी जाऊ किंवा नणंद बोलवून पाळी लावा. झोपेने पेंगलेल्या माणसाला हे दिसत नाही.

आता काकांबद्दल. हॉस्पिटलात आहे म्हणजे हृदय सुरक्षित, असं आपण गृहीत धरतो. खरं म्हणजे खाटेवरचा आजारी माणूस घरातल्या धडधाकट माणसापेक्षा अटॅकच्या जास्त जवळ असतो. एक तर, कुठलंही मोठं दुखणं, ताप, जखम, ऑपरेशन आलं की अंगात दाह वाढतो आणि रक्त लवकर गोठायला लागतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा थर अशा वेळी फुटू शकतो आणि त्यावर गुठळी बसून वाहिनी बंद पडते. काहींच्या बाबतीत मात्र गुठळी होतच नाही. पोफळीच्या बागेत गाळाने अर्धा भरलेला पाट थंडीच्या दिवसांत सगळ्या झाडांना पुरतो, पण वैशाखात झाडं जास्त पाणी मागू लागली की शेवटच्या ओळीतली सुकतात. पाट तोच असतो, मागणी वाढलेली असते. तापात नाडी धावते, हृदयाला जास्त रक्त लागतं. त्याच वेळी न्यूमोनियाने ऑक्सिजन कमी झालेला असतो, किंवा रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, किंवा प्रेशर पडलेलं असतं. अरुंद झालेल्या वाहिनीला ही वाढीव मागणी झेपत नाही. डॉक्टर या दोन्हींना अटॅकच म्हणतात, पण उपचार वेगळे असतात. पहिल्यात गुठळी विरघळवायची किंवा वाहिनी उघडायची. दुसऱ्यात आधी ताप, रक्त, ऑक्सिजन आणि नाडी ताळ्यावर आणायची.

काकांना झालेला न्यूमोनिया हे अटॅकचं ओळखीचं कारण आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, तपासणीत फ्लू असल्याचं सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात अटॅकचा धोका सुमारे ६ पट वाढलेला दिसला. छातीत संसर्ग असताना, ताप उतरत असतानाही, हृदय कोलमडू शकतं. त्यासाठी चुकीचं इंजेक्शन लागत नाही. वाडीत हे कुणीतरी मोठ्याने बोलायला हवं, कारण ‘चुकीचं इंजेक्शन दिलं’ या एका वाक्यामुळे उद्या कुणीतरी न्यूमोनियातही घरी बसून काढा पीत राहील.

नानांचं हृदय का तपासतात, याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. ऑपरेशनआधी धोका जोखायची एक सोपी पद्धत १९९९ पासून जगभर वापरतात. तिच्यात ६ गोष्टी विचारतात : हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा जुना आजार, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडणं), पूर्वी झालेला पक्षाघात, इन्सुलिनवर असलेली साखर, क्रिएटिनिन २ च्या वर, आणि पोट, छाती किंवा मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन. नानांकडे स्टेंट आहे आणि इन्सुलिन आहे, म्हणजे दोन तर इथेच झाल्या. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते, आणि ते रक्त काढल्याशिवाय कळत नाही. हिमोग्लोबिनही बघतात, कारण खुब्याचं हाड मोडलं की आतल्या आत बरंच रक्त जातं, बाहेरून थेंबही दिसत नाही. नानांना कधी एका बाजूची ताकद गेली होती का, अर्धा तास का होईना जीभ जड झाली होती का, हे सासूबाईंना विचारा आणि डॉक्टरांना सांगा. अशा गोष्टी घरात ‘वारा गेला’ म्हणून विसरल्या जातात.

या तपासण्या ऑपरेशन टाळायला नाहीत, ते जपून करायला आहेत. हाडवैद्याकडे नेऊ नका, हे मी अगदी ठासून सांगते. मनगट किंवा बोट असतं तर गोष्ट वेगळी, पण ७४ वर्षांच्या माणसाचा मोडलेला खुबा लेप लावून आणि पट्ट्या बांधून सोडला तर तो माणूस आठवडेच्या आठवडे पाठीवर पडून राहतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात जातात. दुखण्याने नाडी दिवसरात्र धावत राहते, ती हृदयालाच त्रास देते. म्हणजे हृदयाच्या भीतीने ऑपरेशन टाळायचं आणि हृदयालाच जास्त दमवायचं, असा तो प्रकार होतो. शक्यतो २४ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं, यावर हाडांचे डॉक्टर ठाम असतात. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, माणूस परवा येणार म्हणून सगळं अडलं असेल, तर ‘त्यासाठी थांबणं खरंच गरजेचं आहे का’ असं विचारा. कधीकधी नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नानांच्या गोळ्यांची. माणूस पडतो, धावपळीत रिक्षात घालून आणतात आणि गोळ्यांचा डबा घरी कपाटावर राहतो. हॉस्पिटलात हाडाची औषधं सुरू होतात. हृदयाच्या गोळ्या ३-४ दिवस कुणीच देत नाही. घरच्यांना वाटतं डॉक्टर देत असतील, डॉक्टरांना वाटतं माणूस घेत असेल. स्टेंट असलेल्या माणसात हे महागात पडतं. त्यांच्या यादीत मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल यातली एखादी गोळी असेल, तर ती एकदम बंद झाली की नाडी आणि प्रेशर उसळतं आणि अटॅक येऊ शकतो. अटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनची कोलेस्टेरॉलची गोळी ऑपरेशनच्या काळातही चालू ठेवतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, यांचा निर्णय नाजूक असतो. चालू ठेवल्या तर जखमेतून रक्त जास्त जाईल, थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होईल. तो निर्णय हाडांचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर मिळून घेतील, पण त्यांना गोळी चालू आहे हे आणि शेवटची कधी घेतली हे कळलं तरच. आणि एक अवघड गोष्ट : नानांनी स्वतःच एखादी गोळी महिन्यांपूर्वी सोडली असेल, ‘हिरडीतून रक्त येतं’ म्हणून किंवा पैसे वाचवायला, तर तेही खरं सांगा. पाकिटात किती गोळ्या उरल्यात यावरून तुम्हाला अंदाज येईल.

घरून कुणाला तरी तो डबा आणायला सांगा, रिकामी पाकिटंही. बाजारातून आणलेली गुडघेदुखीची गोळी, गावठी औषध, काढा, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. कोल्हापूरच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मिस्टरांकडे असेल तर आत्ता व्हॉट्सॲपवर मागवा.

दुखणं कमी करायला कुठलं औषध चालू आहे, हेही विचारा. डायक्लोफेनॅक आणि त्या जातीची इंजेक्शनं आपल्या भागात सर्रास देतात. ज्याला हृदयविकार आहे आणि मूत्रपिंडही कदाचित थकलेलं आहे, त्याला ती सोसत नाहीत. अटॅकचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल आहे, खुब्याजवळची नस बधिर करायचं इंजेक्शन असतं, गरजेपुरती अफूच्या जातीची औषधं असतात. पण दुखणं दाबायचंच नाही असा अर्थ घेऊ नका. नानांना कण्हत ठेवलं तर नाडी तशीच धावत राहील. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवतील तेव्हा रात्रीच्या इन्सुलिनचं काय करायचं, हेही आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. उपाशीपोटी नेहमीचा डोस गेला तर साखर एकदम उतरते.

चंची. नाना मागतील, चिडतील, कदाचित तुमच्याशी बोलणार नाहीत. तरीही देऊ नका. धूर नाही म्हणून तंबाखू हृदयाला लागत नाही, हा समज आपल्या गावागावांत आहे, मिश्री लावणाऱ्या बायांचाही. निकोटीन नाडी वाढवतं आणि वाहिन्या आखडवतं, मग ते विडीतून जावो की दाढेखालून. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये अटॅकचा धोका दुपटीहून थोडा अधिक निघाला. पण नानांची सवय जुनी आहे, एकदम तुटल्यावर त्यांची तगमग होईल, म्हणून ती लपवू नका. डॉक्टर निकोटीनची पट्टी किंवा चघळायची गोळी द्यायची का ते बघतील. रोज संध्याकाळी दारू घ्यायची सवय असेल तर तीही सांगा. नाना तुमच्यासमोर घेत नसतील, सासूबाईंना ठाऊक असेल. दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, नाडी आणि प्रेशर चढतं, भ्रम होतो, आणि नेमके तेच दिवस हृदयाच्या जोखमीचे असतात. सुनेने सासऱ्याबद्दल हे सांगायचं अवघड वाटत असेल तर सिस्टरना बाजूला घेऊन सांगा.

जेवणाचं थोडक्यात. पेज चालेल, भाकरी चालेल, ताजा बांगडा चालेल. भेटायला येणारे मिठातलं लोणचं आणि सुकी मासळी आणतात, ते परत पाठवा. मिठाने अंगात पाणी धरतं आणि दमलेल्या हृदयाला ते पेलत नाही.

आणखी एक चौकशी ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ साली आला होता. दुसऱ्याच आजारासाठी ॲडमिट असताना मोठा अटॅक आलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण घरून अटॅक घेऊन आलेल्यांच्या तिपटीहून जास्त होतं. ही माणसं आधीच आजारी आणि वयस्क असतात. त्यांच्या लक्षणांचा संशय उशिरा येतो. आणि नुकतंच मोठं ऑपरेशन झालेल्याला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देता येत नाही, जखमेतून रक्त वाहील म्हणून. मग अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक नळी घालून बंद वाहिनी उघडणं, हाच रस्ता उरतो. म्हणून आत्ताच विचारा : तशी वेळ आलीच तर कॅथ लॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) इथेच आहे का, रात्री चालू असते का, नसेल तर कुठे हलवणार? आपल्याकडून कोल्हापूर म्हणजे आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटर. पावसात किती वेळ लागेल ते तुम्हाला माहीतच आहे. खालच्या सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. हा प्रश्न विचारला म्हणून डॉक्टर रागावणार नाहीत, उलट त्यांनाही आधी ठरवून ठेवलेलं बरं पडतं. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का तेही विचारा; असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून ठेवा. अँजिओप्लास्टी योजनेत बसते.

डिस्चार्ज मिळेल त्या दिवशी एक काम आहे. कार्डावर फक्त हाडाची औषधं लिहिलेली असतात, असं पुष्कळदा होतं. जुन्या यादीतली प्रत्येक गोळी नव्या कार्डावर आहे की नाही, हे एकेक करून डॉक्टरांसमोर ताडून बघा. जी थांबवली असेल ती पुन्हा कधी सुरू करायची, त्याची तारीख लिहून घ्या. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची आणि न्यूमोनियाची केव्हा, हेही विचारा.

मिस्टरांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला तर तो घराण्याचा धोका मानतात. नानांचा स्टेंट सत्तरीतला आहे, त्यामुळे त्या अर्थाने मुलावर सावट नाही. पण वडिलांची साखर मुलाकडे येऊ शकते. शिवाय ‘इंटरहार्ट’मध्ये आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी, बाकीच्या जगापेक्षा काही वर्षं लवकर आल्याचं दिसलं होतं. ते रत्नागिरीला आले की नानांच्या रक्ताबरोबर त्यांचीही साखर, कोलेस्टेरॉल आणि प्रेशर त्याच लॅबमध्ये बघून घ्या. मुंबईला परत गेल्यावर ते राहून जातं.